डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्या

बाजारचौक, लिडरकर्क
२४ मार्च २००१

प्रिय गिड,

पोचले एकदाची. न्यूझीलंडहून एडिनबरापर्यंत मला काही झालं नाही, पण तिथून लिडरकर्कपर्यंतच्या बसने पाठीचा पार खुळखुळा केला. एकोणीस वर्षांनी सख्खी बहीण येतेय आणि स्टँडवर घ्यायला कुणी नाही! फोन करकरून बोट दुखलं. वाजतो, वाजतो आणि बंद पडतो. शेवटी टॅक्सीवाल्याला म्हटलं, स्टॅनरिगला, माझ्या भावाच्या शेतावर चल. तो म्हणाला, "बाई, खोऱ्यात वर आता कुणी जात नाही. मी तर मुळीच नाही. माझ्या मेव्हण्याची गुरं आहेत."

म्हणून चौकातल्या मिना पर्डीकडे खोली घेतली आहे. आठवते ना मिना? शाळेत माझ्या वेण्या बाकाला बांधायची ती. आता नाश्त्याला दोन अंडी जास्त घालते, तेवढ्याने फिटलं असं तिला वाटतं.

गाव तेच आहे, फक्त माणसं काढून घेतल्यासारखं. शनिवार असून चौकातल्या दगडी खांबापाशी चिटपाखरू नाही. मेंढरांच्या लिलावाच्या आवाराला कुलूप. पडक्या मठाचं फाटक दोरीने बांधून टाकलंय, कारण त्याच्या मागचं गवत नदीकाठच्या कुरणाला लागतं म्हणे. पुलावर औषधात भिजवलेला पेंढा अंथरलाय आणि त्यावरून गाड्या प्रेतामागून चालल्यासारख्या हळू जातात.

लाळ-खुरकूत म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. मी मेंढरांतच वाढले आणि मेंढरांतच लग्न करून गेले. कॉलिन म्हणतच होता, तिकीट रद्द कर. मी म्हटलं, नवऱ्याचं ऐकायचं वय गेलं. बूट घासून धुतलेत. सोमवारी वर येते. तू फक्त हो म्हण.

तुझी
एफी


स्टॅनरिग
२६ मार्च

एफी,

येऊ नकोस.

बूट धुवून भागत नाही. गावात तू कुणाकुणाला भेटलीस आणि ते कुठून कुठून आले, कोण सांगणार? माझ्या मेंढ्या चांगल्या आहेत. एप्रिलच्या मध्याला व्यायला लागतील. तोवर मी शेताच्या दगडी गडग्याबाहेर पाऊल टाकणार नाही आणि कुणाला आत घेणार नाही.

फोन मुद्दाम उचलत नाही. उचलला की लोक विचारतात, "अजून ठीक ना?" रोज उठून हो म्हणणं जिवावर येतं. पत्र लिही. रस्त्याच्या टोकाला दुधाचा जुना कॅन ठेवलाय, पोस्टमन त्यात टाकतो. माझं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुसून ठेवतो. औषधाचा वास येईल.

आलीच आहेस तर गाव बघ. मठ पुलावरूनही दिसतो.

गिड


लिडरकर्क
३० मार्च

प्रिय गिड,

मठ पुलावरूनही दिसतो! इतक्या लांबून येऊन मी मठ पुलावरून बघते आहे आणि भाऊ काही दिसत नाही. असो.

काल मेनरोडच्या बसने सगळ्या खोऱ्याला वळसा घालून आले. खाली उतरायची सोय नाही, प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी लाल पट्टी आणि 'आत येऊ नये'. नदीकाठची कुरणं रिकामी. एके ठिकाणी ताडपत्रीने गच्च झाकलेला ट्रक समोरून आला, तेव्हा बसमधल्या बायकांनी तोंडं दुसऱ्या खिडकीकडे वळवली. पण वळणावर आपला डोंगर दिसला. तुझ्या मेंढ्या होत्या त्यावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, आईच्या वेळी असायच्या तशाच. मी काचेला नाक लावून बघत बसले. शेजारचीने विचारलं, "तुमच्या का?" मी म्हटलं, "भावाच्या." तिने माझा हात दाबला. मला ते आवडलं नाही.

आता खरं सांग. पाववाल्याकडे रांगेत उभी होते. पुढच्या दोघी म्हणत होत्या, बर्नहेडच्या वॉटी ऑलिव्हरने फेब्रुवारीच्या बाजारात मेंढ्या घेतल्या, त्यातूनच आला रोग. त्याच्या अंगणात गुरांच्या डॉक्टरांची गाडी दिसली.

"स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर वॉटी थांबतो होय?"

"आता सगळ्या खोऱ्याला भोगायला लावील मेला."

मी म्हटलं, "बायांनो, वॉटी माझ्या भावाचा शेजारी आहे, जरा जपून." तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू माझ्याही तोंडाला लाळ सुटलीय.

बर्नहेडचा आणि आपला गडगा एकच आहे, गिड. वॉटीचं खरं आहे का? तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

एफी


स्टॅनरिग
१ एप्रिल

एफी,

पाववाल्याच्या रांगेतल्या बायकांचं काय ऐकतेस.

इथे हवा बरी आहे. रात्री दव गोठतं, दिवसा ऊन. मॉस म्हातारा झालाय, पण कामाला अजून तरुण कुत्र्यांना ऐकत नाही.

तू गावात बसून कंटाळली असशील. आयमथला जाऊन ये. बाबा न्यायचे तिथे. समुद्राकाठी मेंढरं नाहीत, तिथे कुणी अडवणार नाही. चांगली चार-सहा दिवस राहा. या आठवड्यातच जा, पुढे हवा बिघडेल.

गिड


आयमथ
५ एप्रिल

प्रिय गिड,

तू सुधारलास की काय? आपण होऊन बहिणीला फिरायला पाठवतोस! कॉलिनला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तो तुझाच भाऊ ना, की पत्ता चुकला?"

इथे बंदरात सील माशांची डोकी मागत तोंड वर करून बसतात, अगदी चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखे. मी धक्क्यावर कागदातून तळलेला मासा खाल्ला आणि बोटं चाटली. वारा आहे, पण मोकळं वाटतंय. तुझे आभार मानते. दोन दिवस तू पण ये असं लिहिणार होते, पण तुझ्या मेंढ्या व्यायला झाल्यात, तेव्हा राहू दे.

सोमवारी परत गावात.

एफी


लिडरकर्क
९ एप्रिल

गिड,

बस त्याच वळणावर आली. मी आधीच काच पुसून बसले होते. डोंगर होता. त्यावर काही नव्हतं. मला वाटलं, खाली आणल्या असतील, दिवस भरत आलेत. मग धूर दिसला.

मिनाने दारातच सांगितलं. वॉटीकडे शनिवारी मारल्या आणि गडग्याला गडगा म्हणून बुधवारी तुझ्या. रोग नसलेल्या. सगळ्या. मी त्या दिवशी मासा खात होते.

तू मला समुद्रावर पाठवलंस ते बंदुकांचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून. मी तुझे आभार मानले, गिड! कागदावर लिहून मानले!

मी तशीच निघाले. टॅक्सीवाल्याने यावेळी रस्त्याच्या टोकापर्यंत सोडलं. तिथे पोलीस होता, चेहऱ्यावरून आपल्या गावच्या नेबमचा मुलगा वाटला. म्हणाला, "मावशी, पुढे नाही जाता येणार." मी म्हटलं, "वर माझा भाऊ आहे." तो म्हणाला, "माहिती आहे. मला चार दिवस तेच दिसतंय." तुला मी अंगणात पाहिलं. हातात पाण्याची नळी होती, फरशी धूत होतास. मी हात हलवला. तू पाहिलंस. मग तू नळ बंद केलास, नळी गुंडाळून खुंटीला लावलीस आणि आत गेलास.

परत येताना चर्चच्या दारात वॉटीची बायको जेनी भेटली. ती पुढे आली, मी तोंड फिरवून निघून आले. बरं केलं असंच मला वाटतं.

काहीतरी लिही. शिव्या दे हवं तर.

एफी


स्टॅनरिग
गुड फ्रायडे, १३ एप्रिल

एफी,

तू हात हलवलास ते दिसलं. काय करायचं ते सुचलं नाही. नळी तशीच टाकली असती तर पायात आली असती.

सांगतो कसं झालं ते. मंगळवारी संध्याकाळी मी आणि मॉस त्यांना उतरवायला वर गेलो. तुला माहीत आहे, त्या डोंगराला कुंपण नाही. आईने जिथे चरायला शिकवलं तिथे मेंढी चरते, तिची लेक तिथेच चरते. आजोबांच्या आधीपासून चाललंय. त्या कधी आपण होऊन खाली येत नाहीत. मी हाक मारली आणि आल्या. खाणं मिळेल असं वाटलं असेल. पोटं जड होती, घाई केली नाही.

बुधवारी सकाळी माणसं आली. डॉक्टरीण स्पेनहून आलेली, पोरसवदा. तिने आधी प्रत्येकीचे खूर बघितले, तोंड बघितलं. म्हणाली, "एकही आजारी नाही." मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "नियम आहे." मी म्हटलं, "हो."

मेंढवाड्यात परकी माणसं घुसली की मेंढ्या बिथरतात, एकमेकींवर चढतात. मी एकटा दोन टोकं सांभाळू शकत नव्हतो. तेव्हा वॉटी गडगा ओलांडून आला. डॉक्टरीण नको म्हणाली, त्याच्याकडे रोग होता. मग स्वतःच म्हणाली, आता काय फरक पडतो. तो दिवसभर माझ्याबरोबर उभा होता. एकेकीला तो धरायचा, हळू बोलायचा तिच्याशी, नावाने. माझ्या मेंढ्यांची नावं त्याला कधी पाठ झाली कुणास ठाऊक. चार दिवसांपूर्वी त्याने स्वतःच्या धरल्या होत्या.

रांगेतल्या बायका म्हणतात तसं नाही. बाजारात मीही त्या दिवशी हात वर केला होता. त्याने एक बोली जास्त लावली, एवढंच.

संपल्यावर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. मी बिस्किटं काढली. वॉटीने दोन खाल्ली. मलाही भूक लागली होती. त्याचं मला नवल वाटतं.

रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. सकाळी उठतो, बूट घालतो, फाटकापर्यंत जातो. मॉस माझ्या तोंडाकडे बघतो, कुठे जायचं म्हणून. मग आम्ही परत येतो. एप्रिलमध्ये हा डोंगर असा गप्प मी कधी ऐकला नाही. मला वाईट वाटतंय असं तू समजू नकोस. मला काहीच वाटत नाही. तेच सांगायचं होतं.

गिड


लिडरकर्क
१७ एप्रिल

प्रिय गिड,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि तशीच जेनीकडे गेले. ती बहिणीकडे राहते आहे, मठाच्या मागच्या गल्लीत. रोगामुळे सरकारी माणसांनी तिला घराबाहेर काढलंय, वॉटी मात्र बर्नहेड सोडून यायला तयार नाही. दार तिनेच उघडलं.

मी म्हटलं, "जेनी, मी चर्चपाशी तोंड फिरवलं. मला माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "तू निदान तोंड तरी दाखवलंस आधी. बाकीच्या मला बघून रस्ता बदलतात." मग म्हणाली, "आत ये, दारात उभी राहून थंडी घरात घेऊ नकोस."

तिने जे सांगितलं ते तुला सांगायलाच हवं. वॉटीला वाटतं तू त्याला दोष देतोस. "दिवसभर दोघं अंगाला अंग लावून उभे होते," ती म्हणाली, "गिडने एक शब्द काढला नाही. निघताना साधं 'बरं, भेटू' नाही. वॉटी तेव्हापासून जेवत नाही. शेत विकायचं म्हणतोय."

मी म्हटलं, "अगं, बाबांच्या दफनाला पण हा काही बोलला नव्हता. पाद्रीबाबांना वाटलं बहिरा आहे." जेनी हसली, पण तिला पटलं नाही. ते तुझ्या तोंडून यायला हवं.

माझं विमान मंगळवारी आहे. रविवारी दुपारी मी रस्त्याच्या टोकाला येते. तू पेंढ्याच्या पलीकडे उभा राहा, मी अलीकडे. बोलू नकोस हवं तर. मॉसला आण.

एफी


गोर, न्यूझीलंड
६ मे

प्रिय गिड,

सुखरूप पोचले. ऑकलंडच्या विमानतळावर माझे बूट काढून घेतले. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याची बहीण म्हटल्यावर असं धरलं की जणू मी रोग पर्समध्ये घालून आणलाय. घरी मोजे घालून आले. कॉलिन म्हणाला, "सासरी अशीच आली होतीस, बूट फाटलेले."

त्या रविवारचं मनातून जात नाही. मी मनुकांचा पाव आणला होता. तू म्हणालास, "कॅनवर ठेव." मग म्हणालास, "बारीक झालीस." आणि आपण उभे राहिलो. मधे पेंढा, औषधाचा वास, आणि तो नेबमचा मुलगा पाठ करून उभा, भला पोरगा. मॉस पेंढ्यावरून माझ्याकडे यायला निघाला तेव्हा तू नुसतं "अं" म्हणालास आणि तो बसला. मग तू म्हणालास, "थंडी आहे. जा."

विमानात मला तुझा इतका राग आला की शेजारच्या बाईने हवाईसुंदरीला बोलावलं. आता राग नाही. इकडे शरद लागलाय, आमच्या मेंढ्या खालच्या कुरणात आणल्या. त्यांच्या आवाजाने पहाटे जाग येते आणि मी पडून राहते.

वॉटीशी बोललास का? एक शब्द पुरे होईल.

एफी


गोर
१ जुलै

गिड,

दोन महिने झाले. जिवंत आहेस एवढं तरी कळव, म्हणजे मला शिव्या घालायला माणूस आहे हे कळेल.

एफी


स्टॅनरिग
१२ ऑगस्ट

एफी,

जिवंत आहे.

लिहिण्यासारखं काही नव्हतं. माणसं येऊन मेंढवाडा, कोठार, सगळं घासून गेली. इतकं स्वच्छ बाबांच्या वेळीही नव्हतं. गवत कमरेएवढं वाढलंय. खायला कुणी नाही, ते पिवळं पडून आडवं झालं.

जूनमध्ये दरवर्षीच्या सणाला गावाच्या हद्दीवरून फिरणारे घोडे यंदा निघालेच नाहीत. झेंडा नगरभवनापासून चौकातल्या खांबापर्यंत पायी नेला आणि परत आणला. रस्ता मोकळा झाला म्हणून मी बघायला गेलो होतो. लोक बाजूला सरकून जागा देत होते, आजारी माणसाला देतात तशी. पाव घेतला, परत आलो.

बर्नहेडच्या फाटकावर विक्रीचा बोर्ड लागलाय. एकदा मी वर गडग्यापर्यंत गेलो. वॉटी पलीकडे होता, पडलेले दगड परत रचत होता. मी उभा राहिलो. त्याने एक दगड ठेवला, दुसरा ठेवला. काय बोलायचं ते मला सापडलं नाही. मी परत आलो.

तू म्हणशील, रागावलाय. राग असता तर बरं होतं. रागात माणूस काहीतरी बोलतो.

गिड


गोर
२ सप्टेंबर

प्रिय गिड,

दगड रचत होता ना? अरे, विकायला काढलेल्या शेताचा गडगा कोण रचतं? तो तुझी वाट बघत होता, मठ्ठा!

बरं, तुला बोलायला जमत नाही तर बोलू नकोस. काम काढ. मेंढ्या घे. मला ठाऊक आहे, विकतच्या मेंढ्यांना डोंगर ओळखता येत नाही. मग ओळखायला शिकव. आजोबांच्या आधी कुणीतरी पहिल्यांदा शिकवलंच असेल ना? तेव्हाही त्या आभाळातून पडल्या नव्हत्या. आणि रिकाम्या डोंगराकडे बघायला लावून मॉसला झुरवू नकोस, त्याला काम दे.

कॉलिन म्हणतो, मी फार बोलते. बोलू दे त्याला.

एफी


स्टॅनरिग
१८ नोव्हेंबर

एफी,

परवानगी मिळाली. मेंढ्या घेतल्या, उत्तरेकडून. अंगाने चांगल्या आहेत. डोंगर मात्र त्यांना कळत नाही. फाटक उघडलं तर सगळ्या एका जागी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. वर हाकलल्या तर दुसऱ्या अंगाने उतरून रस्त्यावर. एक थेट पोस्टमनच्या गाडीपुढे जाऊन बसली.

रोज उजाडताच वर नेतो, दिवसभर राखतो. ओढ्याच्या या अंगाला मी आणि मॉस उभे राहिलो तर मेंढ्या पलीकडच्या अंगाने बर्नहेडमध्ये शिरतात. तिकडे सगळं रान रिकामं, गवत चांगलं. पहिल्या दिवशी सगळा कळप तिकडे गेला. मी वर चढून बघतो तर वॉटी काठी आडवी धरून उभा. त्याने त्या परत वळवल्या. मी काठी वर केली. त्यानेही केली.

दुसऱ्या दिवशी मी जायच्या आधी तो तिथे होता. तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून असंच चाललंय. तो पलीकडून वळवतो, मी अलीकडून. त्यांना आपली जागा कळायला चार-पाच वर्षं लागतील. मी तोवर सत्तरीकडे झुकलेला असेन. विक्रीचा बोर्ड फाटकावर आहे अजून. त्याबद्दल त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जेनी परत आली आहे. चिमणीतून धूर दिसतो.

मला काही वाटायला लागलंय असं लिहू शकत नाही. संध्याकाळी पाय दुखतात, ते कळतं. जेवतो आणि झोपतो.

परवा मात्र एक झालं. पाऊस होता. त्या सगळ्या गडग्याच्या आडोशाला तोंड खुपसून उभ्या राहिल्या, पुढे जाईनात, मागे येईनात. वॉटी पलीकडून ओरडला, "गिड! या मेंढ्या कुठून आणल्यास रे? यांच्यापेक्षा तुझी बहीण बरी, तिला निदान डोंगर कुठे आहे ते माहीत होतं!"

मी म्हटलं, "तिलाही वर जाऊ दिलं नव्हतं."

एवढंच बोलणं झालं. मग आम्ही त्या वळवल्या. रात्री जेनी डब्यातून सूप घेऊन आली. म्हणाली, वॉटी घरी आल्यापासून एकच सांगतोय, गिड हसला म्हणून.

मला आठवत नाही, एफी. पण वॉटी खोटं बोलत नाही.

गिड